जोडमोर छापाचं गिऱ्हाईक

हल्लीची पोरं नावाला भुलतात, कापडाकडं कोणी पाहतच नाही, अशी तक्रार आमच्या वयाची मंडळी पारावर सुरू करतात तेव्हा मी पान तोंडात ठेवून गप्प बसतो. बोलायला गेलो तर माझंच बिंग फुटायचं. पोरं तेव्हाही नावालाच भुलत होती. आणि त्यांना भुलवायला जी माणसं गादीवर बसलेली असायची, त्यांत मी होतो.

मलकापुरात एका कापडाच्या दुकानात मी चाळीसहून अधिक वर्षं गुमास्ता होतो. गुमास्ता म्हणजे मालक नव्हे आणि हमालही नव्हे. गिऱ्हाइकासमोर कापड उलगडणारा, त्याच्या मनातलं ओळखणारा, आणि ते विकत न घेता निघून गेलं तर वीस घड्या परत घालणारा माणूस. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. साहेब लोक नागपुरात बसायचे, कायदे तिकडून यायचे; कापड मात्र मुंबईहून रेल्वेनं थेट मलकापूरच्या फलाटावर उतरायचं. त्यामुळे नवी तऱ्हा कोणती आली हे आम्हाला नागपूरच्या आधी कळायचं, असा आमच्या शेठजींचा दावा होता. खरंखोटं कोणी तपासलं नाही.

शेठजींच्या चार पिढ्या वऱ्हाडात गेलेल्या. घरात मारवाडी, रागात हिंदी आणि गिऱ्हाइकाशी अस्सल वऱ्हाडी बोलायचे. मी रोहिणखेड-मोताळ्याच्या बाजारात गठ्ठे घेऊन जायचो, बाकीचे दिवस दुकानात. वय तेव्हा चोवीस. स्वतःला फार हुशार समजायचो, त्याचीच ही हकीकत आहे.

आधी धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मिलचं कापड ठाणातून येतं. ठाण म्हणजे एक अखंड लांबी, घड्या घालून बांधलेली. ठाणाच्या वरच्या घडीवर एक रंगीत चित्र चिकटवलेलं असायचं, त्याला आम्ही तिकीट म्हणायचो. मोर, हत्ती, राजाराणी, इंजिन, काय वाटेल ते. वाचता न येणारं गिऱ्हाईकही चित्रावरून बरोबर मिल सांगायचं. आणि तेच चित्र, जरा लहान, सोनेरी रंगात कापडावरच उठवलेलं असायचं. पण कुठं? ठाणाच्या अगदी शेवटच्या टोकाला, एकदाच. म्हणजे एका ठाणातून दहा जणांनी कापड नेलं तरी सोनेरी छाप एकाच्याच वाट्याला यायचा.

जुन्या माणसांना त्याचं काही नव्हतं. शेतकरी बाप कापड चिमटीत धरून चोळायचा, खळ झडते का पाहायचा, एखादा धागा दाताखाली घालायचा, मग उन्हात धरून त्यातून रस्ता दिसतो का बघायचा. इतकं झाल्यावर म्हणायचा, "चालते." त्याच्या शेजारी बसलेला पोरगा मात्र कापडाला हात लावायचा नाही. तो मान वाकडी करून ठाणाचं टोक शोधत असायचा.

मॅट्रिकपर्यंत शिकलेली, नाहीतर कापसाच्या जिनात कारकुनी करणारी ही नवी पिढी आमच्या दुकानात आली आणि आमचं सगळं शास्त्र उलटंपालटं झालं. कापसाचे पैसे आले की बाप बैल पाहायचा आणि पोरगा मनगटी घड्याळ. एक पोरगा महागड्या सिगारेटचा रिकामा डबा पानवाल्याकडून विकत घेऊन त्यात बिड्या भरायचा. डबा बाहेर काढायचा, सगळ्यांना दिसेल असा ठोकायचा, आणि बिडी मुठीत झाकून ओढायचा. त्याला मी हसायचो, पण त्याच्याकडून मी धंदा शिकलो हेही खरं.

त्या सगळ्यांत मान होता तो जोडमोर छापाला. समोरासमोर दोन मोर, मधे कमळ. शर्टाचं कापड म्हणून ते बरं होतं, म्हणजे वाईट नव्हतं. पण कोण्या हौशी शिंप्यानं एकदा असं केलं, की छापाचं टोक बरोबर छातीवरच्या खिशाला लावलं. झालं! महिनाभरात मलकापूरपासून मोताळ्यापर्यंत प्रत्येक पोराला खिशावर सोनेरी मोर हवे झाले. तो रंग एका धुण्यात फिका आणि दुसऱ्या धुण्यात गायब व्हायचा. त्यावरही पोरांनी उपाय काढला. शर्ट धुवायचाच नाही.

मोताळ्याच्या बाजारात एकदा दोन चुलतभाऊ एकाच टोकावरून हातघाईवर आले. एकानं कापड धरलेलं, दुसऱ्यानं त्याच्या शर्टाची गचांडी. शेठजी त्या दिवशी योगायोगानं सोबत होते. ते मला म्हणाले, "किसन, कैची आण." आणि त्यांनी छापाच्या बरोबर मधून कापड फाडलं. "घ्या. एकाले एक मोर, दुसऱ्याले एक मोर. कमळ आमच्या दुकानाचं." दोघंही न घेता निघून गेले. शेठजी दिवसभर खूष होते, पण ठाण पडून राहिलं, आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला.

माझा हिशेब सरळ होता. कापड तेच, मिल तीच. टोकाला छाप असतो तो मधल्या तुकड्याला असला तर कोणाचं काय बिघडतं? खामगावला ठसे कोरणारा एक म्हातारा होता, त्याच्याकडून मी सागवानी लाकडाचा जोडमोर ठसा करून घेतला. तसबिरी मढवणाऱ्याकडून सोनेरी भुकटी आणली, डिंकात कालवली, आणि गोदामात बसून पहिला छाप उठवला. तो इतका झकास उमटला की मी एकटाच टाळी वाजवून मोकळा झालो. शेठजींना सांगितलं नाही. सांगण्यासारखं असतं तर सांगितलं असतं, इतकी अक्कल तेव्हाही होती.

त्या हंगामात जोडमोराची ठाणं मी भराभर संपवली. प्रत्येक पोराला त्याचं टोक मिळालं आणि प्रत्येकाला वाटलं, किसनभाऊनं खास माझ्यासाठी राखून ठेवलं. मला मान मिळू लागला. वरचा पैसा मी एक घेतला नाही, हे आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पण मान घेतला, आणि त्याची चटक जास्त वाईट.

मग रोहिणखेडचा बस्ता आला. लग्नाचं सगळं कापड एका बैठकीत घ्यायचं, त्याला बस्ता म्हणतात. दोन्हीकडची पंचवीस-तीस माणसं सकाळी येतात, दुकानाचा चहा पितात, दुकानाचं जेवण जेवतात आणि दिवस मावळताना उठतात. नवरीचं लुगडं वरपक्ष घेतो, नवऱ्याचं कापड वधूपक्ष. त्यामुळे प्रत्येकाचं लक्ष दुसऱ्याच्या हाताकडं. वधूपिता रोहिणखेडचे माणिकराव, मऊ माणूस, एकुलती एक मुलगी. वरपिता पिंपळगाव राजाचे देवराव. त्यांचा राग चार गावांत माहीत. आधीची एक सोयरीक त्यांनी नुसत्या टोपीवरून मोडली होती. ठरलेली टोपी एक होती आणि आली दुसरी, म्हणून. साखरपुड्यातच त्यांनी बजावून ठेवलं होतं, की माझा विश्वनाथ मॅट्रिक आहे, खामगावला कचेरीत आहे, त्याला शर्ट जोडमोराचाच लागेल.

मी शेल्फाकडं हात केला. जोडमोराचं ठाण संपलं होतं. मीच संपवलं होतं.

त्या वेळी "माल संपला, आठ दिवसांत मागवतो" एवढं म्हटलं असतं तर काय झालं असतं? देवराव ओरडले असते. फार तर बस्ता उठून शेजारच्या दुकानात गेला असता. पण पंचवीस माणसं माझ्याकडं पाहत होती, आणि किसनभाऊकडं सगळं मिळतं ही माझी ख्याती होती. मी म्हणालो, "आत आहे, आणतो." गोदामात गेलो, दुसऱ्याच मिलचं तशाच पोताचं कापड घेतलं, त्यावर ठसा मारला, पंख्यानं वाळवला आणि बाहेर आणला.

देवरावांनी छाप पाहिला. विश्वनाथच्या मित्रानं छाप पाहिला. माणिकरावांनी, बिचाऱ्यांनी, चिमटीत धरून कापड चोळलं आणि जरा थांबले. मग जावयाची पसंती म्हणून गप्प राहिले. बस्ता पार पडला. मी रात्री पोटभर जेवलो, हे सांगायला आज लाज वाटते.

पाचव्या दिवशी दुपारी माणिकरावांची मुलगी तिच्या मामाबरोबर दुकानात आली. सुभद्रा तिचं नाव, वय सोळाच्या आसपास. चोळीचे खण पाहायचे म्हणाली. मामा उंबऱ्याजवळ बसून शेठजींशी पावसापाण्याचं बोलू लागले. मी खण मांडत होतो. ती एकेक खण उचलून बाजूला ठेवत होती, पाहत मात्र नव्हती.

"भाऊ," ती हळू म्हणाली, "जोडमोराच्या कमळाले किती पाकळ्या राह्यतात?"

"मोजल्या नाहीत कधी, बाई."

"मी मोजल्या. सात. माह्या पेटीत जोडमोराची बारा तिकिटं हायेत, बाजारातून जमवलेली. बाराहीवर सात. कापडावरच्या खऱ्या छापातही सातच. आमच्या घरी आलेल्या कापडावर पाच हायेत."

माझ्या हातातला खण तिथंच राहिला. ठसा कोरणाऱ्या म्हाताऱ्यानं दोन पाकळ्या खाल्ल्या होत्या. शेकडो वार कापड विकणाऱ्या मला त्या दिसल्या नव्हत्या, देवरावांना नव्हत्या, एकाही शौकीन पोराला नव्हत्या. चौथी शिकलेल्या ह्या मुलीला दिसल्या, कारण ती छापावर भुलली नव्हती, तिनं तो निरखला होता.

"कोणाला सांगितलं?" मी विचारलं.

"कोणालेच नाही. बाबाले सांगतलं तं बाबा भांडायले येतीन. भांडण पिंपळगावले जाईन. देवरावबाबा म्हणतीन, पोरीच्या बापानं नकली कापड देऊन फसवलं. अन् मंग वरात काही येत नाही." तिचा आवाज स्थिर होता, पण हातातल्या खणाची कड ती बोटाला गुंडाळत होती. "बाबानं दोन वर्षं फिरून हे स्थळ आणलं. आता मोडलं तं त्यायच्यानं सोसवणार नाही."

"मी खरं कापड मागवून बदलून देतो."

"कशाचं बदलता? परवाच पिंपळगावले धाडलं. शिंप्यानं कापलं बी असन." ती थांबली. "लग्नाले आठ दिवस हायेत. कोणी ना कोणी मोजनच. मांडवात मोजलं तं कोणाचं तोंड काळं व्हईन? माह्या बाबाचं. तुमचं नाही. तुमी तं इथं गादीवर बसले असान."

ती पुढं जे बोलली ते मी आजवर विसरलो नाही. "भाऊ, मी तुमच्या शेठजीसमोर काही बोलली नाही. ज्यानं छाप मारला त्यानंच सांगावं, असं मले वाटते."

मग मोठ्यानं म्हणाली, "हे दोन खण द्या," आणि मामाला घेऊन निघून गेली. तिनं ओरडावं, शेठजींना बोलवावं, एवढा तिचा हक्क होता. माझी नोकरी तिच्या एका वाक्यावर होती आणि तिनं ते वाक्य तोंडातच ठेवलं. ह्या उपकाराला मी काय नाव देऊ, मला आजही कळत नाही.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी शेठजींपुढं जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. पहिल्या ठशापासून. शेवटी म्हणाले, "ठसा आण." आणला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "मले वाटलं, मिलवाल्यायनं आता टोकं जास्त धाडणं सुरू केलं. म्हटलं, बरं झालं." मग उठून त्यांनी ठसा चहाच्या शेगडीत टाकला. सागवान ते, चहा उकळून झाला तरी पुरतं जळेना. आम्ही दोघं तिथं उभं राहून पाहत होतो.

"मला काढून टाका," मी म्हणालो.

"काढतो तं तू दुसऱ्याच्या दुकानात जाऊन हेच करशीन. मंग त्याचं पाप माह्या डोक्यावर." ते कडकच बोलत होते. "उद्या पिंपळगावले जाय. मी चिठ्ठी देत नाही, कोणी सोबत येत नाही. बापाले नको सांगू, पोराले सांग. कपडा घालणारा तो हाये. माणिकरावाचं मी पाहून घेतो." त्यांनी पुढं माणिकरावांच्या घरी दुकानाची भेट म्हणून एक चांगलं लुगडं धाडलं, आमच्या फसवणुकीची भरपाई म्हणून. ते का आलं हे मी माणिकरावांना पुष्कळ वर्षांनी सांगितलं. ते म्हणाले, "पोत पाहून मले तवाच शंका आली होती बावा."

मी नांदुऱ्यापर्यंत रेल्वेनं गेलो, पुढं एका बैलगाडीत बसून आणि उरलेलं पायी. वाटेत तीनदा परत फिरावंसं वाटलं. पिंपळगावात शिरलो तर लग्नाच्या रजेवर आलेला विश्वनाथ शिंप्याच्या ओट्यावरच भेटला. शर्ट शिवून तयार होता. भोवती पाच-सहा पोरं, आणि हा ओट्यावर शर्ट पसरून, खिसा ताणून त्यांना मोर दाखवतोय.

"अरे, किसनभाऊ! या, या! तुमचा माल पाहा, काय दिसून राह्यला!"

मी त्याला बाजूला विहिरीपाशी नेलं. तिथं उभं राहून, त्याच्या तोंडाकडं न पाहता, जे होतं ते सांगितलं. कापड जोडमोराचं नाही. छाप माझा. दोष माझा. माणिकरावांना यातलं काही माहीत नाही. काय शिक्षा करायची ती मला करा.

"थट्टा करता काय माही?"

"नाही हो."

त्याचं तोंड उतरलं. रागावेल, धरून मारेल असं वाटलं. पण तो घाबरलाच होता. "बाबाले समजलं तं लग्न मोडतीन. टोपीसाठी मोडलं होतं त्यायनं." मग एकदम म्हणाला, "पण हे ओळखलं कोणं?"

इथं मी अडखळलो. तिचं नाव घ्यावं की नाही? पण खरं सांगायला निघालोच होतो, अर्धं कशाला ठेवायचं. "तुमच्या होणाऱ्या बायकोनं. कमळाच्या पाकळ्या मोजल्या. खऱ्यात सात असतात. ह्यात पाच आहेत."

तो ओट्याकडं गेला. शर्ट झटकण्याचं निमित्त करून खिशाकडं पाहत उभा राहिला, ओठ हलत होते. परत आला तेव्हा विहिरीच्या काठावर बसला.

"तीन दिवस झाले," तो म्हणाला, "मी अख्ख्या गावाले दाखवून राह्यलो. जोडमोर म्हणजे काय, हे समजावून राह्यलो लोकायले. अन् मलेच दिसलं नाही." आणि तो हसायला लागला. आधी जरा, मग पोट धरून. "बाबा म्हणे, पोरगी चौथी शिकली, त्यात काय पाह्यचं! अन् मले भेव वाटे, की इतकं शिकून आपल्या नशिबी अडाणी बायको आली. अडाणी तं मी निंगालो, किसनभाऊ."

मलाही हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं. मी म्हटलं, "आता शर्टाचं काय?"

"काय म्हणजे? हाच घालतो. बाबाले जोडमोर पाह्यजे होता, बाबाले दोन मोर दिसतीन. पाकळ्या मोजणं बाबाच्या बापालेही जमत नाही." मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "तिले सांगजा, मी तिच्या बाबाले बोल लागू देत नाही. हे नक्की सांगजा."

मी परतताना वाकडी वाट करून रोहिणखेडला गेलो आणि मामांच्या मार्फत एवढा निरोप तिला पोचवला. ती काय म्हणाली ते विचारलं. मामा म्हणाले, "काही बोलली नाही. पण जेवली आज बरी."

लग्नाला जायचं माझं धाडस नव्हतं. शेठजींनी जबरदस्तीनं धाडलं. मी मांडवाच्या शेवटच्या खांबाला टेकून उभा राहिलो, कोणाच्या नजरेत येऊ नये म्हणून. वरात आली. देवराव मिशीला पीळ देत पुढं, मागं घोड्यावर विश्वनाथ, कोटाची बटणं मुद्दाम सैल सोडलेली, म्हणजे खिसा दिसावा. उन्हात मोर चमकत होते. एक वयस्कर पाहुणा जवळ जाऊन खिसा निरखू लागला तेव्हा मी डोळेच मिटले. "असली माल दिसते," तो म्हणाला, आणि देवरावांनी मान डोलावली.

मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या. मग कानपिळीची वेळ आली. नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून, आणि नवरा त्याला कापड देऊन मान करतो, अशी रीत. सुभद्रेला भाऊ नव्हता. चुलत-मावस कोणाला तरी उभं करतात, तसं करतील असं सगळ्यांना वाटत होतं. भटजींनी हाक दिली, "नवरीचा भाऊ कोण? या लवकर!" मामा उठले, गर्दीत इकडंतिकडं पाहू लागले, आणि माझ्या खांबापाशी आले.

"चाला. पोरगी म्हणते, मलकापूरचे भाऊ आले असतीन, त्यायले बलवा."

"मला? मामा, मी कशाला..."

"ते मले माहीत नाही. तिनं सकाळीच सांगून ठेवलं."

तीनशे माणसांतून मी पाटाजवळ गेलो. चोवीस वर्षांचा मी, ज्यानं तिचं लग्न मोडायच्या काठावर आणून ठेवलं होतं, त्याला ती भाऊ म्हणून बोलावत होती. विश्वनाथनं मान वाकवली. मी त्याच्या कानाला हात लावला.

तो ओठ न हलवता पुटपुटला, "किसनभाऊ, खरं तं कान कोणाचा पिळाले पाह्यजे?"

"माझाच," मी म्हणालो. "पण रीत अशी आहे."

तेवढ्यात मुंडावळ्यांच्या आडून, फक्त आम्हा दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात सुभद्रा म्हणाली, "जोरानं पिळा भाऊ. त्यायले पाच पाकळ्या दिसल्या नाहीत."

विश्वनाथ फसकन हसला. लोकांना वाटलं, कान दुखला. सगळा मांडव हसला, देवरावही हसले. मी कान पिळला, चांगला जोरानं, आणि म्हणालो, "माझ्या बहिणीला नीट सांभाळा." हे शब्द रीतीचे आहेत, प्रत्येक लग्नात म्हणतात.

मला सख्खी बहीण नाही. त्या वर्षापासून ती गेली तोवर, एकही भाऊबीज मी पिंपळगावला गेल्याशिवाय केली नाही. शेठजींनी मला त्या दिवशी ठेवून घेतलं, त्या पोरानं मला मारलं नाही, आणि तिनं मला भाऊ केलं. तिघांपैकी एकानंही मागं फिरून मला त्याची आठवण करून दिली नाही.

त्या दिवशी कानपिळीनंतर विश्वनाथनं उठून एक शेला उलगडला आणि माझ्या खांद्यावर टाकला. मी कापडवाला. दिवसातून पन्नासदा लोकांच्या खांद्यावर कापड टाकायचो, मागं सरून पाहायचो, "शोभतंय बरं का" म्हणायचो. माझ्या खांद्यावर कोणी टाकलं ते पहिल्यांदाच. मी दोन्ही हातांनी तो शेला छातीशी धरून उभा राहिलो. कोणत्या मिलचा, कोणत्या छापाचा, सुती की रेशमी, हे पाहायचं माझ्या ध्यानातही आलं नाही.